आर्गिरिससाठी चार बश्या

नाही नाही, ऑक्टोपसवर माझा काडीचाही राग नाही, तो बिचारा मेलेला होता, त्याने आणखी काय करायला हवं होतं... माझा राग आहे तो रीझोसवर, 'चाळीस वेळा आपट, तरच मऊ पडतो' म्हणून सांगणाऱ्या! चाळीस वेळा! तुम्ही आपटलाय का हो कधी ऑक्टोपस? सकाळी नऊ वाजता, धक्क्यावर, इस्त्रीच्या कपड्यातली माणसं फिरायला निघालेली असताना? त्यातून मी काय कोणी अनोळखी माणूस नाही, इथे व्होलोस गावात सत्तावीस वर्षं बस चालवलीय, अर्धं गाव मी वेळेवर कामावर पोचवलंय, म्हणजे वेळेवर नाही, पण पोचवलंय... आणि ते अर्धं गाव बाजूने जाताना थांबतंय, माझ्या हातातलं ते लोंबतं जनावर बघतंय आणि विचारतंय, "झीसिस, काय केलं रे त्याने तुझं?"

आणि रीझोस शेजारी बाकावर बसून मोजतोय. जकातीच्या कचेरीत होता ना आयुष्यभर, मोजायची सवय. "तेवीस... चोवीस... थांब, हा धरायचा नाही, हा अर्धवट बसला."

मी स्वतःच्या तोंडाने बोललो होतो ना! चारच तर बश्या, त्यात काय एवढं!

आता हे सुरू कुठून झालं, तर सार्डिनच्या डब्यापासून. आमचा तिसरा, आर्गिरिस. चौऱ्याहत्तर वर्षांचा, सिमेंटच्या कारखान्यातून रिटायर झालेला, बायको जाऊन दोन वर्षं झाली. माणूस असा की आठवड्यातून तीन वाक्यं बोलणार, त्यातलं एक 'बरं' असणार. एकतीस वर्षं दर शनिवारी दुपारी बाराला बंदरावरच्या अड्ड्यावर मी, रीझोस आणि हा... मी बोलतो, रीझोस खोडून काढतो, आर्गिरिस ऐकतो. झकास चाललं होतं. तर त्याच्या समोरच्या इमारतीतल्या बाईने एक दिवस पाहिलं, आर्गिरिस खिडकीत उभा राहून डब्यातूनच सार्डिन खातोय. काट्याने. उभ्याने! दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता ही बाई गप्प बसेल? तिने सरळ मेलबर्नला फोन लावला, आर्गिरिसच्या मुलीला. काय सांगितलं देव जाणे, कारण चौथ्या दिवशी आसिमिना विमानात होती.

आली ती तापलेलीच. आम्ही दोघे भेटायला गेलो तर कॉफी ठेवली समोर आणि म्हणाली, "झीसिसकाका, मी बाबांना घेऊन जाते. तिकडे मी आहे, माझा नवरा आहे, पोरगा आहे. इथे यांना कोण जेवू घालणार?"

मी म्हटलं, "आम्ही!"

आता हे तोंडातून का निघालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. समोरून बस आल्यावर ब्रेक लागतो तसं आपोआप.

"अड्ड्यावर ना? अड्ड्यावर कोणीही घालतं काका. मी घरचं म्हणतेय. घरी कोण करणार? सगळं एव्हान्थियाकाकूंवर टाकणार?"

"मी करणार."

रीझोसला ठसका लागला. कॉफी नाकातून आली त्याच्या.

"तुम्ही?" आसिमिना म्हणाली. "तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"अगं पोरी, चारच तर बश्या! त्यात काय एवढं! शनिवारी दुपारी ये घरी, बाबांना घेऊन ये, आणि बघ तुझ्या डोळ्यांनी."

तिने बापाकडे पाहिलं. आर्गिरिसने तोंड उघडलं... मग मिटलं. मला वाटलं, गलबलून आलं बिचाऱ्याला.

घरी आलो. एव्हान्थिया खिडकीशी खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, मी तिला सगळं सविस्तर सांगितलं, मैत्री म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, म्हातारपणी माणसाला मुळासकट उपटून मेलबर्नला नेणं म्हणजे काय. ती म्हणाली, "हं."

तुम्हाला सांगतो, हिच्या 'हं'चे अकरा प्रकार आहेत. एक 'हं' म्हणजे चालू दे. एक 'हं' म्हणजे आत्ता नको, पाहुणे गेल्यावर बोलू. हा जो होता तो मी अख्ख्या संसारात दोनदाच ऐकलाय, त्यातला एकदा मी घराची मोरी स्वतः दुरुस्त करीन म्हणालो होतो तेव्हा.

"मदत करशील ना?" मी विचारलं.

"तुझे पाहुणे, तुझ्या बश्या. मी इथे बसेन. मीठ कुठे आहे ते सांगेन. एकदा."

बरं, आता आमच्याकडचा कायदा तुम्हाला माहीतच आहे. अड्ड्यावर खायला मागवायचं नाही. त्सिपुरोची, म्हणजे द्राक्षाच्या दारूची, बाटली मागवायची, ही एवढी, बोटभर, आणि तिच्या मागून बशी येते. जे येईल ते. दुसरी बाटली, दुसरी बशी, पण ती पहिलीच्या वरचढ हवी. तिसरी तिच्याहून वरचढ. म्हणजे बघा, नुसता स्वयंपाक नाही, चढत जायचंय! मी कागदावर लिहून काढलं: पहिली, वांग्याचं भरीत. दुसरी, पिवळ्या डाळीचा लगदा, वर कांदा आणि तेल. तिसरी, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. चौथी, ऑक्टोपस. कागद फ्रिजवर लावला. किती सोपं दिसत होतं! कागदावर सगळं सोपंच दिसतं, बसचं वेळापत्रकसुद्धा कागदावरच असतं.

शुक्रवारी वांगं घेतलं. गॅसवर ठेवलं, थेट जाळावर, आई ठेवायची तसं. आता आई त्याला आधी काट्याने टोचायची, ही गोष्ट मी सात वर्षांचा असताना कोणी मला नीट समजावून सांगायला नको होती का? मी खाली वाकून बघतोय, छान काळं झालंय, वास सुटलाय, मनात म्हणतोय वा झीसिस... आणि फाट्! तुम्हाला सांगतो, मी पन्नास वर्षांपूर्वी लष्करात होतो, तिथेसुद्धा असा आवाज ऐकला नाही. वांगं गेलं. म्हणजे कुठे गेलं नाही, छताला गेलं. अजून आहे.

एव्हान्थियाने वर पाहिलं. मग कोड्यात पाहिलं. "तीन अक्षरी," ती म्हणाली, "घरातली आपत्ती."

"काय?"

"काही नाही. कोड्यात आहे."

एक बशी कमी झाली, हरकत नाही, तीन उरल्या. द्राक्षाची पानं खालच्या मजल्यावरच्या मांडवावरून आणली, विचारून आणली, एक-दोन न विचारताही आणली. भात, बडीशेपेची पानं, लिंबू, सगळं बरोबर. आता गुंडाळायचं. तुम्ही म्हणाल त्यात काय, मीही तेच म्हणालो होतो. पहिलं गुंडाळलं ते तान्ह्या पोराच्या पायाएवढं झालं. दुसरं विडीएवढं. तिसरं गुंडाळताना पहिलं सुटलं, पहिलं बांधताना दुसरं सुटलं. दोन तास मी उभा! पाठ म्हणते बस, पानं म्हणतात आम्ही सुटतो. शेवटी एव्हान्थिया उठली, मला वाटलं आली मदतीला, तिने पातेल्यात डोकावून बघितलं, एक पाय, एक विडी, एक पाय, एक विडी... "कुटुंब दिसतंय," म्हणाली, आणि पाणी पिऊन परत जाऊन बसली.

आणि डाळ! डाळ म्हणजे नुसती शिजवायची आणि घोटायची. लहान पोरालाही जमेल. मी शिजवली, घोटली, छान पिवळीजर्द, मऊ. मग मी ऑक्टोपसकडे गेलो. परत आलो तर डाळीत चमचा उभा होता. मी चमचा ओढला तर पातेलं वर आलं.

ऑक्टोपसचं तर सांगूच नका. मासळीवाला म्हणाला, "पाण्याचा थेंब घालू नकोस, तो आपल्याच पाण्यात शिजतो." रीझोसचा फोन आला, "भांडंभर पाणी घाल, नाहीतर चामडं होईल." आता एकाला मान द्यावा तर दुसऱ्याचा अपमान. मी अर्धं भांडं घातलं. तुम्हाला सांगतो, माणसाने आयुष्यात मध्यममार्ग काढू नये. निदान ऑक्टोपसच्या बाबतीत तरी.

चारच तर बश्या, त्यात काय एवढं... स्वतःचीच जीभ भाजून लिंबू पिळून वाढावी असं वाटत होतं मला.

शनिवार. बारा वाजता बेल वाजली. आसिमिना, मागे आर्गिरिस, इस्त्रीचा शर्ट, दाढी करताना हनुवटीला कापलेलं. त्यांच्या मागे रीझोस, हातात वाडगा, वर फडकं झाकलेलं, चेहरा असा की देवळातून पवित्र काहीतरी आणलंय. "मी पण हातभार लावला म्हटलं. माशाच्या अंड्यांचं वाटण. स्वतः केलं." फडकं काढलं. गुलाबी! गुलाबी हो, लहान मुलीच्या फ्रॉकसारखं गुलाबी! आता घरी केलेलं कधी गुलाबी असतं? पांढरट असतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. एव्हान्थियाने वाडग्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हं." रीझोसचे कान वाडग्याच्या रंगाचे झाले. "बीट घातलंय थोडं," म्हणाला.

बसलो. पहिली बाटली उघडली. आता माझ्या डोक्यात काय, ऑक्टोपस गरम आहे, गार झाला तर आणखी कडक होईल, म्हणून मी तोच आधी आणला. पहिल्या बाटलीला.

रीझोसने पेला खाली ठेवला. "ऑक्टोपस? पहिल्याला?"

"का? काय झालं?"

"अरे, पहिल्याला ऑक्टोपस आणलास, मग चौथ्याला काय आणणार आहेस, देवमासा?"

मी फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं. खरंच की! चढत जायचं होतं आणि मी गच्चीवरून सुरुवात केली होती! पण आता बशी टेबलावर आली ती आली. सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला. चावायला लागले. चावतायत... चावतायत... बाहेर एक बस गेली, पाच नंबरची, ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली असेल, परत आली असेल, हे चावतायत. आसिमिना म्हणाली, "काका, चव छान आहे." बरोबर आहे, चव अजून काही मिनिटं असणारच होती तोंडात.

दुसरी बाटली, रीझोसचं गुलाबी. त्याबद्दल मी काही बोलत नाही. वाडग्याच्या बुडाला दुकानाचं लेबल होतं, एवढंच सांगतो.

तिसरी बाटली, डाळ. मी सुरीने कापून वाढली. आर्गिरिसने तुकड्यावर काट्याने टकटक केलं, कान लावला, आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. "मिश्रण बरोबर आहे," म्हणाला. "पाणी थोडं कमी पडलंय." छत्तीस वर्षं सिमेंटमध्ये काढली माणसाने, त्याला कळणारच. पानं मी त्याच बशीत कडेला लावली होती, एकटी वाढायची हिंमत नव्हती. आर्गिरिसने एक पाय घेतला, एक विडी घेतली, दोन्ही मुकाट्याने खाल्ली.

आसिमिनाने घड्याळात बघितलं. मग बापाकडे बघितलं. मला ते बघणं ओळखीचं होतं, शेवटची बस चुकली की प्रवासी असं बघतात.

आणि चौथी बाटली यायची होती. आणि माझ्याकडे काहीच नव्हतं! छताला वांगं होतं, पण ते काढणार कसं?

तेवढ्यात माझ्या पाठीमागे खुर्ची सरकली. एव्हान्थिया उठली. कोडं बाजूला ठेवलं, पेन त्यावर आडवं ठेवलं, फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातून एक झाकलेलं ताट काढलं. त्यात सॉसेज चिरलेली, हिरव्या-लाल मिरच्या चिरलेल्या, टोमॅटो किसलेला. म्हणजे हिने शुक्रवारीच... मी काही बोलायच्या आत तवा तापला, तेल पडलं, सॉसेज चरचरली, बारा मिनिटांत बशी टेबलावर! वाफ येतेय, लाल तेल कडेला सुटलंय. ती आसिमिनाकडे बघून म्हणाली, "पोरी, शुक्रवारी तुझे बाबा माझ्याकडे जेवतील. बाकीचे सहा दिवस हे दोघे बघतील काय ते. मरणार नाहीत. जेवणारे. आणि करणारे."

मग काय विचारता! पाव मोडला जातोय, बुडवला जातोय, रीझोस स्वतःच्या बाहीवर तेल सांडून घेतोय. आणि शेवटी बशीत एक तुकडा राहिला. सॉसेजचा, एकच. आता शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. "तू घे." "छे छे, तू घे." "आसिमिना, तू पाहुणी." "नको काका, मला पुरे." बशी टेबलावर गोल फिरतेय.

आसिमिनाने डोळे पुसले. कांद्याने नाही, कांदा नव्हता त्यात. म्हणाली, "ठरलं काका. मी उगीच काळजी करत होते. बाबांना इथून हलवायचं पाप मी करणार नाही. त्यांचं तिकीट आजच रद्द करते."

रीझोसने पेला उचलला. मी पेला उचलला. जिंकलो! चारच तर बश्या, त्यात काय...

आणि आर्गिरिसने हात पुढे केला आणि तो शेवटचा तुकडा उचलला. उचलला आणि तोंडात टाकला. एकतीस वर्षांत या माणसाने कधी शेवटचा तुकडा उचलला नव्हता! सावकाश चावला. गिळला. तोंड पुसलं.

"मला जायचंय," तो म्हणाला.

"कुठे? संडास डावीकडे," रीझोस म्हणाला.

"मेलबर्नला."

माझा पेला तसाच हवेत राहिला.

"नातू चार वर्षांचा झाला," आर्गिरिस म्हणाला. "फोनवर मला आजोबा म्हणतो. फोनवर काय, बँकेतले लोकही मला साहेब म्हणतात. मला समोर ऐकायचंय. बॅग घेऊन ठेवलीय मी. पलंगाखाली आहे. दोन महिने झाले."

"बाबा!" आसिमिना ओरडलीच. "मग बोलला का नाहीत? मी किती वेळा विचारलं!"

"तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस, घेऊन जाते म्हणून. मला वाटलं, पोरगी कर्तव्य म्हणून म्हणतेय." मग माझ्याकडे वळला. "आणि तू त्या दिवशी 'आम्ही' म्हणून ओरडलास. मग धक्क्यावर ते आपटत बसलास. मी बाल्कनीतून बघत होतो. त्या माणसाला कसं सांगणार, थांब म्हणून?"

"पण मग... सार्डिन?" मी म्हटलं. "उभ्याने? डब्यातून?"

आर्गिरिस म्हणाला, "मला सार्डिन आवडतात."

मी छताच्या वांग्याकडे बघितलं. रीझोस मात्र उसळला. "म्हणजे आम्ही चाळीस वेळा आपटला तो..." आम्ही म्हणे! याने मोजलं फक्त, तेही दोनदा चुकवलं!

मी उठलो आणि बश्या घेऊन आत गेलो. खोटं कशाला बोलू, मला लागलं. तीन दिवस उभा होतो मी. आणि त्याहून खरं सांगायचं तर, तीन दिवस मी स्वतःला सांगत होतो की हे आर्गिरिससाठी आहे. नळ सोडला, बशी घासायला घेतली. मागून आर्गिरिस आला. त्याने फडकं घेतलं, मी घासतोय, तो पुसतोय. पाच बश्या झाल्या. मग म्हणाला, "शनिवारी बाराला तिकडे संध्याकाळ असते."

"मग?"

"मग काही नाही. संध्याकाळी मी रिकामाच असेन. फोन ठेवीन जवळ."

एवढंच. या माणसाच्या हिशेबाने हे भाषण झालं. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार, त्याचाच शब्द होता.

तीन आठवड्यांनी मुलीबरोबर गेला. बसस्थानकावर सोडायला आम्ही तिघे गेलो, बॅग नवीकोरी, मी ड्रायव्हरला सांगितलं, वळणावर जरा सांभाळून. तो म्हणाला, काका, तुम्ही कधी सांभाळलंत का? जाऊ दे.

त्याच्या पुढच्या शनिवारी अड्ड्यावर जायला पाय निघेना. रीझोस घरीच आला. मी विचार केला, दोघेच आहोत, काहीतरी करू, आणि डाळ केली, पाणी जास्त घालून. दोन पेले मांडले, तिसरी खुर्ची तशीच रिकामी. आणि एव्हान्थिया आली आणि तिच्यात बसली. एकतीस वर्षांत ही बाई आमच्यात कधी बसली नव्हती! पेला घेतला, एक बाटली झाली, दोन झाल्या, ती आमचं ऐकतेय. मी रीझोसला सांगतोय की त्सिपुरोत बडीशेप असलीच पाहिजे, रीझोस मला सांगतोय नसलीच पाहिजे, मी म्हणतोय तुला कळत नाही, तो म्हणतोय तुला कळत नाही...

तिने पेला ठेवला. "तुम्ही तिघं एकतीस वर्षं हेच बोलत होतात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रीझोस म्हणाला, "नाही हो वहिनी... पावसाळी दिवसात हवेबद्दल बोलायचो."

तेव्हापासून दर शनिवारी ती बसते. बोलते तीच. बोलते चांगलं, नावं ठेवायला जागा नाही. आम्ही दोघे ऐकतो. आणि बोलता बोलता बाटली संपली की ती माझ्याकडे न बघताच रिकामी बशी पुढे सरकवते, आणि म्हणते, "ऊठ झीसिस, पुढची आण. आणि ही आधीच्यापेक्षा बरी असू दे."

उठतो. काय करणार?